रेडिओ-नियंत्रित ड्रॅग कार

रेडिओ-नियंत्रित ड्रॅग कार ही थांबलेल्या स्थितीतून सुटून सरळ व ठरावीक अंतर कमीत कमी वेळात पार करण्यासाठी बांधलेली आणि बिनतारी संदेशांवर चालणारी लहान प्रतिकृती-मोटार आहे. तिच्या शर्यतीत वळणे नसतात. मराठवाडा व विदर्भात परिचित असलेल्या शंकरपटाप्रमाणे येथेही निकाल सरळ धावपट्टी आणि घड्याळ यांवरच ठरतो. अशी गाडी तयार संचातून जोडता येते, तसेच निकामी उपकरणांच्या सुट्या भागांतून घरीही बांधता येते.

== इतिहास ==
बिनतारी लहरींनी दूरवरची क्रिया घडवून आणण्याचे प्रारंभीचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अशा लहरींनी घंटा वाजवून व बारूद पेटवून दाखवली. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यू यॉर्क येथे बिनतारी नियंत्रणावर चालणारी नौका प्रदर्शित केली. १९६० च्या दशकात इटलीत रेडिओ-नियंत्रित मोटारी विक्रीस आल्या, तर १९७६ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने पोर्शे ९३४ ची प्रतिकृती बाजारात आणली.

मोठ्या मोटारींच्या ड्रॅग शर्यतीचे पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट असते. १:१० प्रमाणातील प्रतिकृतींसाठी त्याचा दहावा भाग, म्हणजे १३२ फूट (सुमारे ४०.२ मीटर) अंतर प्रचलित आहे.

== रचना व सुटे भाग ==
* '''सांगाडा:''' खिडक्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम सेक्शनचे तुकडे हलके व सरळ असल्याने उपयोगी पडतात.
* '''मोटर:''' निकामी बॅटरी-ड्रिलमधील किंवा लहान मुलांच्या बसून चालवायच्या गाडीतील ५५० आकाराची ब्रशयुक्त मोटर वापरता येते.
* '''आस व बेअरिंग:''' जुन्या प्रिंटरमधील पोलादी दांडे आणि स्केटबोर्डच्या चाकांतील बेअरिंग. दांड्याचा व्यास बेअरिंगच्या छिद्राशी जुळत नसल्यास लेथवर बुश करून घ्यावे लागते.
* '''वेग-नियंत्रक:''' बॅटरीकडून मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल. मोटर ब्रशयुक्त आहे की ब्रशविरहित, यानुसार ते निवडतात.
* '''रिमोट, रिसीव्हर व सर्वो:''' सर्वो पुढची चाके वळवतो. रिसीव्हर त्याला साधारणपणे १ ते २ मिलिसेकंद रुंदीचे स्पंद पाठवतो, १.५ मिलिसेकंदाला चाके सरळ राहतात.
* '''कवच:''' सनबोर्डसारखा हलका पत्रा.

जुन्या २७ मेगाहर्ट्झ संचांत एकाच वारंवारतेवरील दोन गाड्या परस्परांत अडथळा आणतात. २.४ गिगाहर्ट्झ संचात रिमोट व रिसीव्हर यांची जोडी आधीच बांधलेली असल्याने हा दोष सहसा उद्भवत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीची उपकरणे २००५ च्या नियमांनुसार परवानामुक्त आहेत.

== वेग आणि पकड ==
कमाल वेग मोटरचे फेरे, गिअरचे गुणोत्तर व चाकाचा परिघ यांवरून काढता येतो. मोटर मिनिटाला २५,९०० फेरे घेत असेल, गिअर-गुणोत्तर ८:१ असेल आणि चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर असेल, तर सैद्धांतिक वेग सेकंदाला सुमारे ११ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटर येतो.

मात्र केवळ कमाल वेग वाढवून शर्यत जिंकता येत नाही. वरील गाडीचे त्वरण ३.९ मीटर प्रति सेकंद² असल्यास ४०.२ मीटरसाठी सुमारे ५.१ सेकंद लागतात. त्वरण तेच ठेवून कमाल वेग दुप्पट केल्यास वेळ ४.५ सेकंदांवर येते. याउलट मूळ वेग तसाच ठेवून पकड सुधारली व त्वरण दुप्पट झाले, तर ४.४ सेकंद पुरतात. म्हणून मऊ रबराची रुंद मागची चाके आणि मागील आसावर अधिक भार यांना अधिक शक्तीच्या मोटरपेक्षा प्राधान्य दिले जाते. सुटताना पुढची चाके उचलली जाऊ नयेत, यासाठी मागे लहान चाके असलेला आधारदांडा लावतात. दोन्ही आस परस्परांस समांतर नसल्यास गाडी एका बाजूला ओढते.

== धावपट्टी व हवामान ==
परभणी जिल्ह्यासारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात मोकळे शेत धावपट्टी म्हणून निरुपयोगी ठरते. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिकट होते आणि तिची धूळ चाकांची पकड घालवते. सिमेंटचे, झाडून स्वच्छ केलेले व रहदारी नसलेले पटांगण अधिक योग्य होय. शर्यतीच्या अंतराइतकीच मोकळी जागा पुढे थांबण्यासाठी ठेवणे इष्ट असते. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जात असल्याने दोन धावांमध्ये मोटर व बॅटरी थंड होऊ द्यावी लागते.

== सुरक्षितता ==
सर्वाधिक धोका बॅटरीपासून संभवतो. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतील घट मोठा विद्युतप्रवाह सहसा देऊ शकत नाहीत; त्यांवर जास्त भार टाकल्यास ते तापतात व पेट घेऊ शकतात. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक घट ४.२ व्होल्टच्या वर भारित करत नाहीत आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देत नाहीत. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. संदेश तुटल्यास मोटर आपोआप बंद होईल अशी व्यवस्था रिसीव्हरमध्ये असावी. चाके जमिनीपासून उचलून व रिमोट बंद करून तिची चाचणी घेता येते.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==
सुट्या भागांतून वाहन बांधण्याचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचे आहे. त्यांनी जुन्या भागांतून बांधलेली, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी छोटी जीप २०२१ मध्ये चर्चेत आली. त्यानंतर उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी करण्याची पद्धत अरविंद गुप्ता यांनी पुण्यातील आयुकाच्या बालविज्ञान केंद्रातून लोकप्रिय केली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत इलेक्ट्रॉनिक्स व यंत्रमानवशास्त्राची साधने शाळेतच उपलब्ध होतात.

== हे सुद्धा पहा ==
* ब्रशविरहित मोटर
* शंकरपट
* ई-कचरा