रोगनकाशाची कुळकथा

रोगनकाशा म्हणजे रुग्ण, मृत्यू आणि परिसर एकत्र मांडून रोगाचे कारण शोधणारा नकाशा. असे नकाशे अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये पीतज्वरासाठी निघाले. पण ही पद्धत गाजली ती लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांच्यामुळे. १८५४ मध्ये सोहो भागातील कॉलऱ्याचे मृत्यू त्यांनी घरागणिक नोंदवले, तेव्हा ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेले दिसले. दूर हॅम्पस्टेडमध्ये मात्र एक वृद्ध विधवा याच रोगाने दगावली होती. चौकशी करता कळले, की चव आवडते म्हणून ती रोज त्याच पंपाचे पाणी मागवत असे.

मुंबईत या पद्धतीची खरी कसोटी प्लेगने घेतली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले आणि हजारो लोकांनी गावची वाट धरली. १८८१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे सव्वा लाख रहिवाशांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला होता. आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात मोडत असे. त्यामुळे शहरातल्या चाळी आणि कोकणातल्या वाड्या यांचे आरोग्य एकमेकांना बांधलेले होते.

१९०५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाचे काम सुरू झाले. शहरातून गोळा केलेले उंदीर कुठे सापडले याची नोंद करून त्यांचे विच्छेदन होई. प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडून त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा मोजल्या जात. उंदरांच्या आणि माणसांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर क्रम उलगडला: आधी उंदरांत साथ पसरते आणि साधारण १० ते १४ दिवसांनी माणसांत. रोग वाहून नेणारी उंदरावरची पिसू होती.

१९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी नकाशा संगणकावर आणला. त्यातून भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, उभी राहिली. महाराष्ट्राचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ मध्ये नागपुरात स्थापन झाले. आता कृत्रिम बुद्धिमत्ता उपग्रहचित्रांतली छपरे ओळखते. माणसांनी आधी आखून दिलेल्या हजारो छपरांवरून ती हे शिकते. मग वस्तीची दाटी, पाऊस, साचलेले पाणी आणि जुने रुग्ण यांचा मेळ घालून जोखमीच्या जागांचा अंदाज बांधता येतो. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असलेल्या कोकणाला असा अंदाज उपयोगी आहे.

मात्र अंदाज नोंदीइतकाच खरा असतो. मुंबईत लागण झालेला चाकरमानी गावी येऊन आजारी पडला, तर त्याची नोंद रत्नागिरीच्या आरोग्य केंद्रात होते आणि नकाशावरचा ठिपका भलत्याच गावावर पडतो. मे २०२० मध्ये कोविडच्या काळात चाकरमानी मोठ्या संख्येने परतले, तेव्हा ही अडचण ठळक झाली. स्नो यांनी हॅम्पस्टेडचे कोडे सोडवले ते विधवेच्या घरच्यांना विचारून. म्हणून रुग्णाच्या पत्त्याबरोबर तो गेल्या १५ दिवसांत कुठे राहिला, हेही आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत यायला हवे. हा रकाना रिकामा राहिला, तर सर्वांत हुशार संगणकही चुकीच्या गावात रोग शोधत बसेल.