बाबांची काठी

आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात कापसावर जगणारी मराठी घरं पुष्कळ, कोळशावर जगणारी कमी. आमचं घर त्या कमीतलं. आजोबा राजुऱ्याचे. 1956 पर्यंत राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे आपण परक्या मुलखात आलो असं त्यांना कधी वाटलंच नाही.

इथल्या कोळशाची गोष्ट तशी जुनी. 1871 साली डॉ. किंग यांना येल्लंदूजवळ कोळसा सापडला. 1920 च्या दशकात बेल्लमपल्लीकडे खाणी सुरू झाल्या. निजामाचं राज्य गेल्यावर 1952 चा खाण कायदा इथेही लागू झाला. पण कायदा कागदावर, आणि माणूस जमिनीखाली. धनबादच्या खात्याचे इन्स्पेक्टर प्रत्येक खाणीत, प्रत्येक पाळीला कसे पोचणार?

1958 च्या फेब्रुवारीत बंगालमध्ये चिनाकुरीच्या खाणीत स्फोट झाला, पावणेदोनशेच्या आसपास कामगार गेले. त्याच वर्षी कलकत्त्याला खाण सुरक्षेची पहिली परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसल्या. खाणीखाणीत सुरक्षा समिती हवी, हा विचार तिथून पुढे आला. पुढे 1980 च्या दशकात तो नियमांतच आला. समितीचा अध्यक्ष मॅनेजर, पण सोबत कामगारांचे प्रतिनिधीही. शिवाय 500 किंवा जास्त माणसं असलेल्या खाणीत कामगारांमधूनच नेमलेले वर्कमेन इन्स्पेक्टर.

बाबा मायनिंग सरदार होते, आणि अशाच एका समितीवर होते. खाण कुठली ते राहू दे. सरदाराने काठीने छत ठोकून पाहायचं. आवाज खणखणीत आला तर दगड पक्का, बद्द आला तर वर पोकळ. एका रात्री आवाज बद्द आला. पाळी संपायला थोडाच वेळ होता, कोळसा कमी भरला होता. बाबांनी माणसांना लगेच हटवलं नाही. पाळी संपवून सगळे बाहेर पडले आणि मागे छत खाली आलं. खाली कोणी नव्हतं, म्हणून निभावलं.

कुणाला कळलंही नसतं. आई म्हणाली, "अहो, कशाला बोलता? सरदारकीचं सर्टिफिकेट जाईल." ते खरंच जाऊ शकत होतं. तरी पुढच्या बैठकीत बाबा सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी. आवाज ऐकला होता." क्षणभर सगळे गप्प. मग एक तेलुगू सरदार उठले, "अन्ना, माझ्याकडूनही असं झालंय." मग तिसरा. मॅनेजरसाहेब रागावले नाहीत, लिहीत राहिले. छत वाईट म्हणून काम थांबवलं तर कोळशाचा हिशेब विचारायचा नाही, असं त्या दिवशी ठरलं.

समित्या असल्या की सगळं सुरळीत, असं मात्र नाही. जून 2003 मध्ये पलीकडे गोदावरीखनीला खाणीत पाणी शिरून 17 कामगार गेले. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. म्हणाले, "बैठक रजिस्टरात लिहिण्यासाठी नसते रे. कुणी खरं बोलला आणि कुणी ऐकलं, तरच ती बैठक."

ती काठी अजून आमच्या दाराआड उभी आहे. तुमच्याही घरात कुणी खाणीत, जिनिंगमध्ये, कारखान्यात राबलं असेल, तर त्यांना एकदा विचारा: बद्द आवाज ऐकल्यावर तुम्ही काय केलं होतं?