धूम्रपान आणि मूत्रसंस्था

धूम्रपान हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत महत्त्वाचे ज्ञात कारण आहे. तंबाखूच्या दुष्परिणामांचा विषय निघाला की फुप्फुसे, हृदय व तोंड यांचाच विचार प्रामुख्याने होतो. परंतु धुरातील अनेक विषारी द्रव्ये शरीराबाहेर पडतात ती मूत्रावाटे, आणि त्या वाटेवरील मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या व मूत्राशय या सर्वांना त्यांची झळ पोहोचते. अमेरिकेतील साडेचार लाखांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीत (२०११) धूम्रपान करणाऱ्यांना मूत्राशयाचा कर्करोग होण्याचा धोका कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या सुमारे चौपट आढळला. स्त्रिया व पुरुष या दोहोंमधील जवळजवळ निम्म्या रुग्णांत या रोगाचे मूळ धूम्रपानात असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला.

पार्श्वभूमी

या रोगाचा रसायनांशी असलेला संबंध प्रथम उघड झाला तो तंबाखूमुळे नव्हे, तर कापडाच्या रंगांमुळे. १८९५ साली फ्रँकफर्ट येथील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन हा रंग बनविणाऱ्या कामगारांमधील मूत्राशयाच्या अर्बुदांची नोंद केली. (पुढच्याच वर्षी हृदयाची जखम यशस्वीपणे शिवणारे रेन ते हेच.) १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी २-नॅफ्थिलअमाइन हे रंगोद्योगातील द्रव्य देऊन कुत्र्यांच्या मूत्राशयात अर्बुदे निर्माण होतात, हे दाखविले. हेच द्रव्य व त्याच्या जातकुळीतील ४-अमिनोबायफेनिल तंबाखूच्या धुरातही असते. त्यामुळे कारखान्यात कधीही पाऊल न ठेवलेल्या माणसाला कामगारांचा रोग का व्हावा, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळाले.

रोग कसा होतो

ही द्रव्ये फुप्फुसांतून रक्तात व रक्तातून यकृतात जातात. यकृत त्यांचे रूपांतर करते, पण त्या प्रक्रियेत काही अंश अधिक घातक बनतो. तो मूत्रपिंडांतून गाळला जाऊन मूत्रात उतरतो व आम्लधर्मी मूत्रात क्रियाशील होऊन पेशींतील डीएनएला चिकटतो. मूत्रवाहिन्यांतून मूत्र झरझर वाहून जाते. मूत्राशयात मात्र ते तासन्‌तास साठून राहते. सर्वाधिक अपाय मूत्राशयाच्या अस्तराला होतो, तो यामुळे. ही द्रव्ये निष्प्रभ करण्याची यकृताची गती काही व्यक्तींमध्ये आनुवंशिकतेने मंद असते. अशांना धोका अधिक.

विडीत तंबाखू कमी असल्याने ती सौम्य, हा समज निराधार आहे. ती विझू नये म्हणून वारंवार झुरके घ्यावे लागतात.

लक्षणे

वेदनेविना लघवीतून रक्त जाणे हे प्रमुख लक्षण होय. ते एकदा दिसून आपोआप थांबते, पुन्हा काही आठवडे वा महिने दिसत नाही, आणि तेथेच रुग्णाची फसगत होते. स्त्रियांमध्ये ते मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे समजले जाऊन निदान लांबण्याचा संभव असतो. रक्त एकदाच दिसले असले तरी तपासणी आवश्यक ठरते. निदानासाठी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहतात. अस्तरापुरत्या मर्यादित गाठी दुर्बिणीद्वारेच खरवडून काढता येतात. त्यानंतर काही रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी, म्हणजे क्षयरोगाच्या लशीतील जिवाणू, सोडले जातात. हा रोग वरचेवर उलटणारा असल्याने तपासण्या अनेक वर्षे चालू ठेवाव्या लागतात.

मूत्रसंस्थेवरील अन्य परिणाम

धूम्रपानाने मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, मात्र मूत्राशयाइतका नाही. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात व रक्तदाब वाढतो. मधुमेही व्यक्तींमध्ये मूत्रातून प्रथिने जाणे व मूत्रपिंडांचे कार्य मंदावणे, या दोन्ही गोष्टी धूम्रपानाने लवकर घडतात. धूम्रपानातून जडलेल्या जुनाट खोकल्यामुळे, विशेषतः स्त्रियांमध्ये, खोकताना लघवी सुटण्याचा त्रास उद्भवतो.

धूम्रपान सोडल्यानंतर

सोडल्यानंतर कर्करोगाचा धोका पहिल्या काही वर्षांत लक्षणीय घटतो, पण तो पूर्णपणे नाहीसा होण्यास दीर्घ काळ लागतो. वर उल्लेखिलेल्या पाहणीत धूम्रपान सोडलेल्यांचा धोका कधीही न ओढणाऱ्यांच्या दुपटीहून थोडा अधिक, म्हणजे अजूनही ओढणाऱ्यांच्या जवळपास निम्मा होता. रोगाचे निदान झाल्यावरही ओढत राहणाऱ्यांमध्ये गाठी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण जास्त आढळते.