हरण्याचा भाव: ई-स्पोर्ट्समधील एका भाकिताची कथा

ऑगस्ट २०१४. काउंटर-स्ट्राइक या संगणकीय खेळाच्या अमेरिकेतील एका लीगमध्ये आयबायपॉवर हा बलाढ्य संघ नेटकोडगाइड्स या सामान्य संघाकडून १६-४ असा पराभूत झाला. पैजांचा कौल सामन्यापूर्वी आयबायपॉवरच्या बाजूने होता. मित्रहो, आजचा धागा या भाकिताविषयी.

भावातून भाकीत वाचण्याची कल्पना ई-स्पोर्ट्सहून जुनी आहे. १९८८ साली आयोवा विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी बुश आणि डुकाकिस यांच्या अध्यक्षीय लढतीवर एक छोटा बाजार उघडला. अशा बाजारांचे तत्त्व सोपे आहे. ‘अमुक जिंकल्यास एक डॉलर मिळेल’ असा करार ६० सेंटला विकला जात असेल, तर बाजार त्या विजयाची शक्यता ६० टक्के मानतो. ज्याला अधिक ठाऊक, तो खरेदी करतो. भाव हलतो आणि विखुरलेले ज्ञान एका आकड्यात गोळा होते. आयोवाच्या बाजारात प्रत्येकाची गुंतवणूक ५०० डॉलरपुरतीच मर्यादित होती, हे ध्यानात असू द्यावे.

ऑगस्ट २०१३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने काउंटर-स्ट्राइकमध्ये बंदुकांची रंगीत आवरणे, म्हणजे ‘स्किन’, आणली. त्यांचा उपयोग केवळ शोभेचा. परंतु ती विकता येत, म्हणून त्यांचे चलन झाले. सीएसगो लाउंज या संकेतस्थळावर लोक स्किन पणाला लावू लागले. काटेकोरपणे पाहता हा बाजार नव्हे, घोड्यांच्या शर्यतीतल्या टोटसारखी सामायिक पैज. तरीही एका संघावर तीन चतुर्थांश मूल्य लागले, की प्रेक्षक त्याच्या विजयाची शक्यता ७५ टक्के समजत.

आयोवाशी असलेला फरक येथेच आहे. अध्यक्षपदाचा निकाल कोट्यवधी मतदार ठरवतात. पैज लावणाऱ्याला तो फिरवता येत नाही. काउंटर-स्ट्राइकचा निकाल मात्र पाच तरुणांच्या हाती असतो. बक्षीस तुटपुंजे आणि पैजा मोठ्या असल्या, की प्रबळ संघाला हरणेच किफायतशीर ठरते. लोकांचा विश्वास जितका दृढ, तितका हरण्याचा मोबदला अधिक. माझ्या मते गर्दीने त्या दिवशी श्रेष्ठ संघ अचूक ओळखला होता. जिंकायचे कोणाला आहे, हा प्रश्न तिला सुचलाच नाही.

जानेवारी २०१५ मध्ये पत्रकार रिचर्ड लुईस यांनी प्रकरण उघडकीस आणले. पुढचा भाग दफ्तरखान्यात रमणाऱ्यांना आवडेल. प्रत्येक स्किनच्या हस्तांतराची नोंद व्हॉल्व्हकडे होती. पैजेत जिंकलेल्या मौल्यवान वस्तू मध्यस्थामार्फत हरलेल्या संघातील खेळाडूंपर्यंत कशा पोहोचल्या, हे त्या नोंदींतून दिसले. व्हॉल्व्हने सात जणांवर बंदी घातली. वर्षभराने ती कायम केली. जुलै २०१६ मध्ये कंपनीने अशा २३ संकेतस्थळांना नोटिसा बजावल्या आणि त्यानंतर लाउंजनेही स्किनच्या पैजा थांबवल्या.

दक्षिण कोरियाला हा अनुभव आधीच आला होता. तेथे २०१० साली स्टारक्राफ्टच्या ११ खेळाडूंवर आजन्म बंदी आली. त्यांत मा जे-युन हा माजी विजेताही होता. तरीही २०१४ चा जगज्जेता ली सुंग-ह्युन २०१५ मध्ये दोन सामने मुद्दाम हरला. त्याबद्दल त्याला ७ कोटी वॉन मिळाले होते. न्यायालयाने दंडही तेवढ्याच रकमेचा ठोठावला.