बाळूंना कॅप्टन का केलं नाही?

आमच्या टीमचा कॅप्टन मी होतो. मी चांगला खेळायचो म्हणून नव्हे. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, दिवाळीत गावी यायचो आणि टूर्नामेंट भरवणारे माझे मामा होते, म्हणून.

शहादा तालुक्यातली टेनिस बॉलची टूर्नामेंट. आमच्या टीमला मॅच जिंकून द्यायचा तो सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा भिल्ल मुलगा. त्याची बोलिंग बघायला शेजारच्या गावची माणसं यायची. स्कोअरची वही माझ्याकडे असायची, त्यामुळे कुणी किती विकेट काढल्या आणि कुणी किती रन केले हे मला आकड्यांसकट माहीत होतं. माझे आकडे लाज वाटावी असे होते. तरी टॉसला मी जायचो, कपही मीच घ्यायचो. लोकसंख्येत जवळपास ६९ टक्के आदिवासी असलेल्या आमच्या नंदुरबार जिल्ह्यात कॅप्टन कोण होणार, यावर चर्चासुद्धा व्हायची नाही.

पुढं नोकरी लागली. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आरक्षणाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "खेळात कसं फक्त मेरिट चालतं! तिथं कुठं जात आहे?" मीही मान डोलवायचो. मग बाळू पालवणकरांबद्दल वाचलं आणि ती वही आठवली.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. जात चर्मकार, तेव्हाच्या हिशोबानं अस्पृश्य. वडील लष्करात होते आणि बाळू पुण्यात वाढले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर भाऊभाऊ खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशांच्या क्लबात, महिना तीन रुपये. १८९२ मध्ये ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. काम काय, तर पिचवर रोलर फिरवायचा, नेट बांधायची आणि साहेबांना नेटमध्ये बोलिंग टाकायची. जे. जी. ग्रेग हा तिथला नावाजलेला बॅट्समन. त्याला आउट केलं की दर वेळी तो बाळूंना आठ आणे द्यायचा, असं सांगतात.

अशी हजारो बॉलची प्रॅक्टिस झाली आणि त्यातून एक अव्वल डावखुरा स्पिनर तयार झाला. पण त्या क्लबात बाळूंच्या हातात बॅट काही आली नाही. बॅटिंग साहेबानं करायची, बोलिंग नोकरानं टाकायची. बोलिंग म्हणजे मजुरी होती. कॅप्टनसीच्या गोष्टीची सुरुवात मला इथंच दिसते.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं आणि त्यासाठी बाळू हवे होते. घ्यायचं की नाही यावर वाद झाला, शेवटी घेतलं. मैदानात सगळे एकाच बॉलला हात लावायचे. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत चिनी मातीच्या कपात चहा प्यायचे आणि बाळू पॅव्हेलियनबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवायलाही वेगळं बसायचं. मग साताऱ्याच्या गोऱ्यांच्या टीमला बाळूंनी लोळवलं आणि न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं.

१८९६ मध्ये पुढं प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला आले. इथं ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. ताट वेगळं ठेवण्याचा प्रकार हळूहळू मागं पडला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ रनांनी हरवलं. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, दोघंही त्या टीममध्ये होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं म्हणून देशभर आनंद झाला.

१९११ मध्ये अखिल भारतीय टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन होते पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय १९. तेही मोजकेच सामने खेळले. बाळू ३५ वर्षांचे होते आणि जवळपास संपूर्ण दौऱ्याची बोलिंग त्यांच्या खांद्यावर होती. सगळे सामने धरून त्यांनी ११४ विकेट काढल्या. टीम बहुतेक सामने हरली, पण परत आल्यावर मुंबईतल्या दलित समाजानं बाळूंचा सत्कार केला. त्या सत्कारात मानपत्र देणारा तरुण २० वर्षांचा होता. त्याचं नाव भीमराव आंबेडकर.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये वॉल्टर टल नावाचा फुटबॉलर टॉटनहॅम सोडून नॉर्थॅम्प्टनच्या टीममध्ये गेला. टलचे वडील बार्बाडोसचे, आजोबा गुलाम. इंग्लंडच्या वरच्या डिव्हिजनमध्ये खेळलेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय फुटबॉलरांपैकी तो एक. १९०९ मध्ये ब्रिस्टलच्या प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या दिल्या. त्यानंतर टॉटनहॅमनं त्याला हळूहळू राखीव टीममध्ये ढकललं. नॉर्थॅम्प्टनकडून मात्र तो शंभरहून जास्त सामने खेळला. महायुद्धात युरोपियन वंशाचा नसलेला माणूस अधिकारी होऊ नये असा ब्रिटिश सैन्याचा नियम होता. तरीही १९१७ मध्ये टल अधिकारी झाला आणि त्यानं गोऱ्या सैनिकांचं नेतृत्व केलं. मार्च १९१८ मध्ये तो फ्रान्समध्ये मारला गेला. त्याला खेळू देणं फार तर गर्दीला आवडत नव्हतं. पण त्याचा हुकूम गोऱ्यांनी ऐकायचा, ही गोष्ट अडवायला लेखी नियमच होता.

आपल्याकडे नियम लिहिलेला नव्हता. त्याची गरजही पडली नाही. बाळूंच्या आकड्यांबद्दल कुणालाच शंका नव्हती: फर्स्ट क्लासचे ३३ सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१. तरी हिंदू टीमचे कॅप्टन ते कधीच झाले नाहीत. १९१३ मध्ये कॅप्टन झालेले एम. डी. पै स्वतःच जाहीरपणे म्हणाले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता.

इथं कुणी म्हणेल, तेव्हा कॅप्टन शिकलेला, घरंदाज लागायचा. इंग्लंडमध्ये तरी पैसे घेऊन खेळणाऱ्याला कुठं कॅप्टन करायचे? बरोबर आहे. विसाव्या शतकात इंग्लंडला पहिला व्यावसायिक कॅप्टन, लेन हटन, १९५२ मध्ये मिळाला. पण शिक्षण कुणाला मिळायचं आणि रोलर कुणाच्या हाती यायचा, हे आपल्याकडे जन्मानंच ठरत होतं. म्हणजे अट बदलली तरी माणसं तीच गाळली जायची.

१९२० मध्ये हे फुटलं. ४४ वर्षांच्या बाळूंना टीममधून वगळलं आणि नेतृत्वाचा प्रश्न आला तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल यांनाही डावललं. विठ्ठल आणि शिवराम दोघांनी माघार घेतली आणि जातीमुळे हे होतंय असं जाहीरपणे सांगितलं. गाजावाजा झाला, मग तडजोड झाली. फायनलसाठी भाऊ परत आले आणि बाळूंना व्हाइस कॅप्टन केलं. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ बाळूंनी टीम सांभाळली. पंचवीस वर्षांच्या बोलिंगनंतर एवढंच. १९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन झाले, युरोपियनांना हरवून हिंदूंनी स्पर्धा जिंकली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

म्हणजे मेरिटनं दार उघडलं का? मला वाटतं, मेरिटनं बाळूंना मैदानापर्यंत नेलं. कॅप्टनसी मात्र दोघांनी खेळायला नकार दिल्यावर, भांडल्यावर आली. तीही धाकट्या भावाला.

पुढं १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूंना मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. एकेकाळी मानपत्र देणारा आणि घेणारा आता समोरासमोर होते. बाळूंचा विश्वास होता की हिंदू समाज आतून बदलेल. त्यांच्या आयुष्यात मातीच्या भांड्यापासून व्हाइस कॅप्टनपर्यंत तो थोडा बदललाही होता. बाबासाहेबांना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. दर वेळी ११४ विकेट काढून दाखवाव्या लागणार असतील, तर ज्याला बोलिंग येत नाही त्या माणसानं काय करायचं? बाळूंचं मोठेपण मान्य करूनही मला हा प्रश्न टाळता येत नाही. ४ जुलै १९५५ ला बाळू गेले.

हे सगळं वाचल्यावर मी आमच्या त्या बोलरला फोन केला. उसाच्या तोडीला तो गुजरातेत गेला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, "तेव्हा कॅप्टन तू असायला पाहिजे होतास."

तो हसला. म्हणाला, "दादा, फील्डिंग तर मीच लावत होतो. तुम्ही फक्त टॉसला जायचे."