तीन वर्षांच्या घोड्याची परीक्षा

शर्यतीच्या घोड्याच्या आयुष्यांत तिसरें वर्ष एकदांच येतें. विलायतेंतील पांच ‘क्लासिक’ शर्यतींचें दार त्याला त्या एकाच वर्षीं उघडें असतें. चुकलें तें चुकलें. पुढच्या वर्षीं पुन्हा परीक्षेस बसूं, असें म्हणण्याची सोय तेथें नाहीं. म्हणून हिंवाळा सरून न्यूमार्केटच्या माळावरचें गवत हिरवें होऊं लागलें, कीं मालक, ट्रेनर, वर्तमानपत्रांचे बातमीदार आणि पैजा लावणारे लोक एकाच प्रश्नाचा काथ्याकूट करूं लागतात: यंदाच्या तीन वर्षांच्या घोड्यांत श्रेष्ठ कोण? हा प्रश्न दोनशें वर्षांहून जुना आहे. त्याचें उत्तर देतांना जाणते लोक कोठें फसतात, हें १९४७ सालच्या वसंतांतील एका प्रकरणावरून फार चांगलें समजतें. त्या प्रकरणांत बडोद्याच्या गायकवाडांचा एक घोडाहि असल्यामुळें मराठी श्रोत्यांना तें अगदींच परकें वाटूं नये.

आधीं या शर्यतींची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगितली पाहिजे. थॉरोब्रेड ही जात सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत आणलेल्या पूर्वेकडील घोड्यांपासून तयार झाली. बायर्ली टर्क, डार्ले अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तिचे तीन मूळपुरुष. आरंभीं प्रौढ वयाचीं जनावरें चार चार मैलांच्या फेऱ्या एकाच दिवशीं दोनतीन वेळां धांवत. पुढें लहान वयाचे घोडे कमी अंतरावर धांवविण्याची चाल पडली. तिच्यांतूनच १७७६ सालीं डॉंकास्टर येथें सेंट लेजर, १७७९ सालीं एप्सम येथें केवळ मादींसाठीं ओक्स, १७८० सालीं त्याच मैदानावर डर्बी, १८०९ सालीं न्यूमार्केट येथें टू थाउजंड गिनीज आणि १८१४ सालीं तेथेंच मादींसाठीं वन थाउजंड गिनीज अशा पांच शर्यती सुरू झाल्या.

यांपैकीं टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तीन जिंकणाऱ्यास ‘तिहेरी मुकुट’ मिळाला असें म्हणतात. १९३५ सालीं नामदार आगाखान यांच्या बहरामनें तो मिळविला आणि एकहि शर्यत न हरतां तो मैदानावरून निवृत्त झाला. परंतु या तिन्ही शर्यती म्हणजे एकाच विषयाच्या तीन प्रश्नपत्रिका नव्हेत. गिनीजची धांव एका मैलाची, सरळ रस्त्याची व वसंतांतील. तिच्यांत वेगाची परीक्षा होते. डर्बी दीड मैलाची. एप्समचा मार्ग आधीं चढतो, मग टॅटनहॅमच्या वळणाकडे झपाट्यानें उतरतो, आणि शेवटच्या सरळ भागांतहि जमीन एका अंगाला कललेली असते. तेथें वेगाबरोबर दम, तोल आणि शांत स्वभाव हीं सर्व लागतात. सेंट लेजर पावणेदोन मैलांहून थोडी अधिक व सप्टेंबरांतील. तेथें दमाचीच कसोटी लागते. पहिला पेपर उत्तम सोडविणारा दुसऱ्यांतहि उत्तीर्ण होईलच, असें गृहीत धरणें हीच वसंतांतील मोठी चूक होय.

अंदाज बांधणाऱ्यांजवळ साधनें तरी कोणतीं असतात? पहिलें साधन आदल्या वर्षींच्या शर्यतींचें. दोन वर्षांचे घोडे बहुधा पांचसात फर्लांगच धांवतात. तेवढ्यांत त्यांचा वेग कळतो, दम कळत नाहीं. शिवाय नियमाप्रमाणें प्रत्येक घोड्याचें वय १ जानेवारीला एक वर्षानें वाढतें. त्यामुळें जानेवारींत जन्मलेलें शिंगरूं आणि मे महिन्यांत जन्मलेलें शिंगरूं कागदोपत्रीं समवयस्क ठरतात, अंगबळानें मात्र नव्हेत. दुसरें साधन वजनाचें. अ‍ॅडमिरल राउस हा नौदलांतील गृहस्थ १८५५ पासून जॉकी क्लबचा अधिकृत हॅंडिकॅपर होता. कोणत्या महिन्यांत, किती अंतरावर, कोणत्या वयाच्या घोड्यानें किती वजन वाहावें याचें कोष्टक त्यानें बसवून दिलें. त्याच विचारसरणीनें घोड्यांमधील अंतराचें वजनांत रूपांतर करतात: एका मैलाच्या शर्यतींत एक घोडालांबी म्हणजे सुमारें दोन पौंडांचा फरक. तिसरें साधन वंशावळीचें आणि चौथें प्रत्यक्ष डोळ्यांचें, म्हणजे घोड्याची छाती, पाय, चाल व वागणूक पाहण्याचें.

१९४७ सालीं या चारहि साधनांची कसोटी लागली. त्या वर्षीं इंग्लंडांत फार कडक हिंवाळा पडला. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फामुळें शर्यती बंद होत्या आणि सरावाचीं मैदानें गोठून गेलीं होतीं. अशा वर्षीं उशिरां भरणाऱ्या, मोठ्या अंगाच्या घोड्यांची तयारी मागें पडते आणि जन्मतःच चपळ असलेला घोडा पुढें दिसतो.

असा एक घोडा त्या वसंतांत होताच. त्याचें नांव ट्यूडर मिन्स्ट्रेल. मालक जे. ए. ड्यूअर, ट्रेनर बेकहॅम्प्टनचे फ्रेड डार्लिंग आणि स्वार गॉर्डन रिचर्ड्स. दोन वर्षांचा असतांना तो चार शर्यती धांवला व चारहि त्यानें जिंकल्या. गिनीजमध्यें तर त्यानें कमाल केली. दुसऱ्या आलेल्या सारावानला त्यानें आठ लांबींनीं मागें टाकलें. कोष्टकाच्या हिशेबानें हा फरक सोळा पौंडांचा, म्हणजे एका स्टोनहूनहि अधिक. पुढें ‘टाइमफॉर्म’च्या गुणपत्रिकेंत त्याला १४४ गुण मिळाले. त्या गुणपत्रिकेंत इतके गुण मिळालेले घोडे आजहि बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

त्याच गिनीजमध्यें तिसरा आलेला घोडा म्हणजे ‘सयाजीराव’. त्याचा बाप निअर्को, आई रोझी लेजंड. १९४५ ची डर्बी जिंकणारा दांते हा त्याचा सख्खा भाऊ. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव यांनीं त्याला एक वर्षाचें शिंगरूं असतांनाच २८,००० गिनींस विकत घेतलें. एका शिंगराला इतकी किंमत हा त्या काळीं विक्रमच होता. त्या वेळच्या भावानें ही रक्कम ३,९२,००० रुपयांच्या घरांत जाते. सयाजीरावानें पुढें लिंगफील्ड येथील डर्बीची पूर्वपरीक्षा समजली जाणारी शर्यत जिंकली. परंतु आठ लांबींचें तें दृश्य लोकांच्या डोळ्यांसमोरून हलेना. डर्बीच्या दिवशीं, म्हणजे ७ जूनला, ट्यूडर मिन्स्ट्रेलवर सात पौंड लावावे तेव्हां जिंकल्यास चार मिळावे, असा भाव होता. गॉर्डन रिचर्ड्स हा त्या काळचा अग्रगण्य जॉकी. त्याच वर्षीं त्यानें २६९ शर्यती जिंकल्या. पण डर्बीनें त्याला तोंवर सतत हुलकावणी दिली होती, आणि आतां ती त्याला मिळालीच असें सर्वांनीं धरलें.

घडलें तें भलतेंच. ट्यूडर मिन्स्ट्रेल लगामाशीं झगडूं लागला. स्वार त्याला आवरूं पाही, तो आवरेना. आणि या झगड्यांत त्याचें बळ आधींच खर्चीं पडलें. अखेरच्या टप्प्यांत त्याच्याजवळ कांहींच शिल्लक राहिलें नाहीं. तो चौथा आला. सयाजीराव तिसरा, आगाखानांचा मिगोली दुसरा, आणि एकास चाळीस भावाचा पर्ल डायव्हर हा फ्रेंच घोडा चार लांबींनीं पहिला! रिचर्ड्सला डर्बी जिंकण्यासाठीं १९५३ सालापर्यंत, पिन्झाच्या पाठीवर बसेपर्यंत, वाट पाहावी लागली.

हा केवळ दैवाचा खेळ होता काय? कागद पुन्हा उघडून पाहिले म्हणजे तसें वाटत नाहीं. पर्ल डायव्हरची आई पर्ल कॅप हिनें १९३१ सालीं पॅरिस येथील आर्क द त्रिओंफ ही दीड मैलाची शर्यत जिंकली होती. म्हणजे ज्या अंतराची परीक्षा, त्याच अंतराचें यश त्याच्या मातृकुळांत लिहिलेलें होतें. उलट ट्यूडर मिन्स्ट्रेलची आई सॅन्सोनेट ही आंखूड अंतरावरची चपळ घोडी. त्याचा बाप ओवेन ट्यूडर मात्र १९४१ ची डर्बी आणि १९४२ चा गोल्ड कप जिंकणारा दमदार घोडा होता. अर्थात् वंशावळ दोन्ही बाजूंनीं वाचतां येत होती, आणि आठ लांबींनीं दिपलेल्या लोकांनीं ती आपल्या सोयीनें बापाच्या बाजूनें वाचली. अनुमानांत पुरावा कमी पडतो तेव्हां ती उणीव बहुधा इच्छा भरून काढते, त्याचें हें ठळक उदाहरण होय.

पुढील महिन्यांत खरें उत्तर आपोआप उलगडलें. अ‍ॅस्कट येथें एका मैलावर ट्यूडर मिन्स्ट्रेल पुन्हा जिंकला. सव्वा मैलाच्या एक्लिप्स शर्यतींत मिगोलीनें त्याला हरविलें. हंगामाच्या अखेरीस एका मैलावर तो पुन्हा विजयी झाला. घोडा तोच, गुणहि तेच. बदललें तें केवळ अंतर. सयाजीरावाचा आलेख नेमका उलट चढत गेला. गिनीजमध्यें तिसरा, डर्बींत तिसरा, मग आयर्लंडच्या डर्बींत पहिला. सप्टेंबरांत, हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यास महिनाहि लोटला नव्हता तेव्हां, एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीनें त्याच्यावर बसून सेंट लेजर जिंकली. दुसऱ्या आलेल्या आर्बारहून तो केवळ डोक्याइतकाच पुढें होता. वसंतांत ज्याला कोणी अग्रमान दिला नाहीं, त्यानें सर्वांत लांब अंतरावर आपली किंमत पटविली.

या विजयाला दुसरीहि एक बाजू आहे. ज्या सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं आपल्या राज्यांत सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, त्यांचें नांव त्यांच्या नातवानें विलायती मैदानावर एका घोड्याला दिलें. विलायतेंतील अशा खर्चाबद्दल प्रतापसिंहरावांवर टीका झाली. १९४९ सालीं बडोदें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. घोड्याची परीक्षा डॉंकास्टरला झाली, त्याच्या धन्याची घरीं झाली, आणि दोहोंचे निकाल सारखे लागले नाहींत.

१९४७ चा धडा लोकांनीं लगेच घेतला असें नाहीं. १९४८ सालीं महाराजांच्याच माय बाबूनें गिनीज जिंकली, पण डर्बींत तो चौथा आला. ती डर्बी माय लव्ह या घोड्यानें नेली, आणि त्याचा बाप होता पर्ल डायव्हरचाच बाप, वातेलोर! १९४९ सालीं मात्र शहाणपण दिसलें. ओवेन ट्यूडरचाच दुसरा मुलगा अ‍ॅबरनंट गिनीजमध्यें निंबसकडून अगदीं थोडक्यांत हरला. नोएल मर्लेस या ट्रेनरनें त्याला डर्बीच्या मोहांत न पाडतां आंखूड शर्यतींकडे वळविलें. तेथें जुलै कप आणि ननथॉर्प या दोन्ही शर्यती त्यानें १९४९ व १९५० अशा लागोपाठ दोन वर्षीं जिंकल्या.

पुढें शास्त्रानेंहि या प्रश्नांत लक्ष घातलें. २०१० सालीं युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या संशोधकांनीं स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकाचा आणि घोड्याला मानवणाऱ्या अंतराचा संबंध दाखविला. या जनुकाचा एक प्रकार आईबाप दोघांकडून आला तर घोडा बहुधा आंखूड अंतराचा होतो, दुसरा प्रकार दोघांकडून आला तर लांब अंतराचा, आणि मिश्र असेल तर मधल्या अंतराचा. म्हणजे १९४७ सालीं वंशावळींतून ज्याचा तर्क करीत, त्याचा कांहीं भाग आतां रक्ताच्या थेंबांतून कळूं शकतो. परंतु एप्समच्या उतारावर घोडा लगाम मानील कीं झगडेल, हें तें जनुक सांगत नाहीं.

न्यूमार्केट येथील वॉरेन प्लेस हे तबेले एके काळीं बडोद्याच्या महाराजांचे होते व तेथेंच सॅम आर्मस्ट्रॉंग या ट्रेनरनें सयाजीरावास तयार केलें. पुढें ते मर्लेसकडे गेले आणि त्यानंतर त्याचा जांवई हेन्री सेसिल याच्याकडे. २०११ सालीं सेसिलच्या फ्रँकेलनें गिनीज सहा लांबींनीं जिंकली. डर्बीसाठीं आग्रह कमी झाला नसेल. तरी त्याला एप्समला नेलें नाहीं. एक एक मैलाच्या शर्यती जिंकीत, दुसऱ्या वर्षीं सव्वा मैलावरहि विजय मिळवून, चौदांपैकीं चौदा शर्यतींचें यश घेऊन तो निवृत्त झाला. टाइमफॉर्मनें त्याला १४७ गुण दिले.

वसंतांत परीक्षकानें घोडा किती लांबींनीं जिंकला हें जरूर पाहावें; पण तो कोणत्या अंतरावर जिंकला, पुढची शर्यत त्याच्याकडून काय मागणार आहे, आणि तें देण्याजोगें त्याच्या वंशांत व स्वभावांत कांहीं आहे काय, हें त्याच्या आधीं पाहावें. डर्बी हरलेला ट्यूडर मिन्स्ट्रेल निकृष्ट ठरला नाहीं. एका मैलावर त्याच्या तोडीचे घोडे त्या शतकांत थोडेच झाले. दोष घोड्याचा नव्हता, त्याला विचारलेल्या प्रश्नाचा होता.