धावणारे पाऊल आणि त्याचा बूट: पुण्यातील एक शतक

पुण्याच्या क्रीडा-इतिहासात धावणाऱ्याचे पाऊल बुटाच्या बरेच आधी येते. 1906 साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना सर दोराबजी टाटा यांनी 1919 च्या सुमारास तेथील स्पर्धांत खेड्यापाड्यांतील तरुण अनवाणी धावताना पाहिले, आणि शास्त्रशुद्ध शिक्षण नसूनही त्यांच्या वेळा परदेशी धावपटूंच्या तुलनेत मुळीच हलक्या नाहीत हे ध्यानी आल्यावर 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी हिंदी संघ पाठविण्याची खटपट आरंभिली. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले 42.75 किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये 19 वे आले. त्यांना 2 तास 50 मिनिटे 45 सेकंद लागले.

अनवाणी धावण्याला केवळ दारिद्र्याचे लक्षण मानणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यात चालीची एक स्वतंत्र रीत दडलेली होती. अनवाणी धावण्याची सवय असलेला मनुष्य बहुधा चवड्यावर किंवा सबंध तळव्यावर उतरतो, तर जाड टाचेच्या बुटात धावणारा टाचेवर, हे 2010 साली डॅनियल लीबरमन यांच्या संशोधनाने दाखविले. पायाच्या घडणीवरही पादत्राणाची छाप पडत असावी: भारतातच 2,300 मुलांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष 1992 साली राव व जोसेफ यांनी प्रसिद्ध केले, पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण 8.6 टक्के, तर अनवाणी मुलांत 2.8 टक्के आढळले.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 साली सुरू झाली, तोवर अमेरिकेत बुटांची नवी विद्या रुजली होती. शहाबादी फरशीवर ओला पाय टेकवून उमटलेला ठसा पाहावा, तो मधोमध भरलेला असल्यास पाय सपाट, मधला भाग जवळजवळ कोरडा राहिल्यास कमान उंच, असे ती सांगे. सपाट पाय धावताना आत अधिक कलतो (या आत कलण्याला प्रोनेशन म्हणतात), म्हणून त्याला आतल्या कडेला कठीण फोम घातलेला, कलणे रोखणारा बूट द्यावा आणि उंच कमानीला मऊ गादीचा, अशी ती वाटणी होती.

ही वाटणी तर्काला पटणारी असली, तरी कसोटीला उतरली नाही. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल व मरीन दलातील नवशिक्या सैनिकांवर 2009-10 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत ठशानुसार बूट दिलेल्यांना आणि सरसकट एकाच जातीचा बूट दिलेल्यांना सारख्याच प्रमाणात दुखापती झाल्या. उभ्या पायाचा ठसा हा स्थिर पायाचा असतो, तर धावताना तोच पाय शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार क्षणभर पेलत असतो. पहिल्यावरून दुसऱ्याचे वर्तन ताडणे हीच मुळातली चूक होती. कॅनडातील बेनो निग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली तर धावणाऱ्याला जो बूट सुखकर वाटतो तोच निवडीचा निकष मानावा, असे सुचविले.

म्हणून आज पुण्यात बूट घेणाऱ्याने दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगल्यावर, म्हणजे संध्याकाळी, दुकानात जावे, दोन्ही बूट घालून थोडे धावून पाहावे, अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे आणि टाच आत सरकत नाही याची खात्री करावी. आणि पळणे वेताळ टेकडीच्या खडीवर होणार असेल, तर कमानीच्या प्रकाराआधी तळव्याची पकड तपासावी.